शाळेतली मदतनीस
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण एखाद्या शिकल्यासवरल्या बाईने करावे, अशी आपल्या मंडळाची रीत आहे. या वर्षी कार्यकारिणीने मला उभे केले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मोठे शब्द माझ्या तोंडून येणार नाहीत, आणि भाषण लांबले तर ते विद्वत्तेमुळे नव्हे, बोलण्याच्या सवयीमुळे लांबले असे समजून घ्यावे.

विषय मात्र मी मागून घेतला आहे. गेल्या महिन्याच्या सभेत आपल्यापुढे एक पत्र आले होते, आपल्या भागातल्या महापालिकेच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचे. जूनपासून त्यांच्याकडे दोन नवी मुले येत आहेत. एका मुलीला फार थोडे दिसते. दुसरा मुलगा बोलत नाही, गोंगाट झाला की कानांवर हात ठेवून कोपऱ्यात बसतो. डॉक्टरांनी तो स्वमग्न असल्याचे सांगितले आहे. या मुलांजवळ बसायला मंडळाने दोघीजणी द्याव्यात, निदान अर्ध्या दिवसापुरत्या, असे पत्रात होते. आपण त्यावर अर्धा तास बोललो आणि ठराव पुढे ढकलला. कोणी म्हणाले, "आम्हांला कुठे येते ते? तिथे शिकलेल्या बाया हव्यात." कोणी म्हणाले, "अशी मुले पाहिली की माझ्या डोळ्यांना पाणी येते, मला नाही जमायचे." आणि एकजण म्हणाली, "पुण्याचे काम खरे, पण घरचे आटपून जायचे कधी?" मी गेली तीन वर्षे शेजारच्या एका मुलाबरोबर त्याच शाळेत बसते. तेव्हा या बोलण्यांना मला जे उत्तर सुचते ते सांगते.

त्या मुलाचे नाव मी घेणार नाही. तुमच्यापैकी निम्म्या जणींना ते ठाऊक आहे, तरीही घेणार नाही. कारण पुढे येईल. जन्माच्या वेळी त्याच्या मेंदूला इजा पोहोचली, त्यामुळे हातपाय ताठ आणि जीभ जड. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात. वडील मागावर, आई घरी कांड्या भरते आणि पाठच्या दोघांना सांभाळते. चाकाच्या खुर्चीतून त्याला शाळेत न्यायचे, डबा, लघवी, दप्तर, वही एवढे माझ्याकडे असते. गणितात तो मला केव्हाच मागे टाकून गेला आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. शाळा या मुलांना घेते म्हणजे त्यांच्यावर उपकार करते, असे आपल्यातल्या पुष्कळजणींना वाटते. तसे नाही. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिला. पुढे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात एकवीस प्रकारचे अपंगत्व मोजले आहे, पूर्वीच्या १९९५ च्या कायद्यात ते सातच होते. या नव्या कायद्याने अशा मुलांना सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तेही शेजारच्या शाळेत, किंवा त्यांच्या पसंतीच्या विशेष शाळेत. समग्र शिक्षा योजनेतून काही मुलांना मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ताही मिळतो. कागदपत्रे कोणती लागतात ते शाळेत विचारावे. कायद्याबद्दल याहून अधिक मी बोलत नाही. वर्गाच्या दाराच्या आत गेल्यावर कायदा कामाला येत नाही, तिथे माणसाचे माणसाशी वागणे कामाला येते, आणि मला त्याबद्दल बोलायचे आहे.

शिकलेल्या बाया हव्यात, हे म्हणणे मला पटत नाही. शिकवणे हे वर्गातल्या बाईंचे काम. विशेष शिक्षिका अधूनमधून येतात, त्या बाईंना आणि मलाही काय करावे ते सांगून जातात. मदतनीस बाईने तिसरी शिक्षिका व्हायचे नाही. हेलन केलर हे नाव आपण सर्वांनी ऐकले आहे. डोळे गेलेले, कान गेलेले. १८८७ च्या मार्च महिन्यात ॲन सलिव्हन तिच्या घरी आली, तेव्हा हेलन सहा वर्षांची होती आणि जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटात हात घालून खात होती. घरचे तिला दयेपोटी काही म्हणत नसत. सलिव्हनने ते बंद केले. तिला खुर्चीवर बसवून स्वतःच्या ताटातले, स्वतःच्या चमच्याने खायला लावले. घरात रडारड झाली, पण महिनाभरात तीच मुलगी हातावर पडणाऱ्या पाण्याचा आणि तळहातावर लिहिलेल्या अक्षरांचा संबंध समजली. पुढे हेलन कॉलेजात गेली आणि १९०४ साली पदवीधर झाली. त्या वर्षांत सलिव्हन तिच्या शेजारी बसून प्राध्यापकांचे शब्द तिच्या तळहातावर अक्षर अक्षर काढीत असे. तिने स्वतः काही कॉलेज केलेले नव्हते, आणि तिची स्वतःची नजरही अधू होती. प्राध्यापक बोलले तेवढे तिने पोहोचते केले. आपण सलिव्हन नाही हे मला ठाऊक आहे, पण कामाची जात तीच आहे.

आता मुख्य गोष्ट. मदतनीस म्हटली म्हणजे जी सतत मुलाला चिकटून बसते आणि त्याचे सगळे करते ती चांगली, असे बहुतेकांना वाटते. अमेरिकेत १९९७ साली जियांग्रेको नावाच्या अभ्यासकाने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा वर्गांचा अभ्यास केला. आमच्या विशेष शिक्षिकेने प्रशिक्षणात आम्हांला तो समजावून सांगितला. मदतनीस सारखी मुलाच्या अंगाशी बसली की तीन गोष्टी होतात. वर्गातल्या बाई त्या मुलाला आपले विद्यार्थी समजेनाशा होतात, तो मदतनिसाचा होतो. बाकीची मुले त्याच्याजवळ येत नाहीत. आणि ते मूल साध्या साध्या गोष्टींसाठी मोठ्या माणसाच्या तोंडाकडे पाहत बसते. हे मी ऐकले तेव्हा मला नवल वाटले नाही. आपल्या घरांतून आपण हे रोज पाहतो. ज्या मुलाला आजी दहा वर्षांचा होईपर्यंत भरवते, त्याला भात कालवता येत नाही, आणि तो काही अपंग नसतो.

माझी रीत अशी आहे. मी त्याच्या बाकाला लागून बसत नाही, भिंतीकडेला एका स्टुलावर बसते. तिथून मला तो दिसतो, त्याला मी दिसते. पेन्सिल पडली तर मी उठत नाही. आधी तो वाकून पाहतो. जमले नाही तर शेजारच्या मुलाला सांगतो. शेजारचा मुलगा लिहिण्यात गुंतला असेल तर थोडे थांबतो. एवढे होऊनही राहिले तर माझ्याकडे बघतो, मग मी जाते. कधी पाच मिनिटे जातात. बाहेरून कोणी पाहिले तर म्हणेल, ही बाई बसून पगार खाते. (पगार नाही हे त्यांना ठाऊक नसते.) पण या तीन वर्षांत त्याचे माझ्याकडे बघणे पुष्कळ कमी झाले आहे, आणि ही माझी सर्वांत मोठी मिळकत आहे.

मदतीलाही पायऱ्या असतात. वाटीतून चमचा उचलायचा असेल तर पहिल्यांदा हातावर हात ठेवून करवून घ्यायचे. जमू लागले की नुसता कोपराला आधार. मग बोटाने दाखवायचे. मग नुसते 'पुढे?' म्हणायचे. मग काहीच नाही. वरची पायरी सोडून खाली यायचे आणि कारण नसता पुन्हा वर चढायचे नाही. आपण मुलींना पोळ्या लाटायला शिकवतो ते असेच शिकवतो की नाही? मुलगी वेडीवाकडी लाटते म्हणून जिची आई दर वेळी लाटणे हिसकावून घेते, तिला सासरी गेल्यावर पोळी येते का?

मला स्वतःला सर्वांत अवघड गेले ते थांबणे. आपण बायका घाईत वाढलेल्या. पाणी जायच्या आत भरायचे, गॅसवर एक, ओट्यावर एक. समोरचा बोलायला अडखळला की त्याचे वाक्य आपणच पुरे करून टाकतो. त्या मुलाच्या जिभेवर शब्द यायला वेळ लागतो. मी मनात एक ते दहा आकडे मोजते, तोंड बंद ठेवते आणि त्याच्या ओठांकडे टक लावून पाहत नाही. समजले नाही तर 'हो हो' म्हणून मान डोलवत नाही. ते त्याला लगेच कळते आणि त्याचा अपमान होतो. 'पुन्हा सांग, मला समजले नाही,' असे सरळ म्हणते. विशेष शिक्षिकेने सांगितले की, मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या सुमारास शाळांतून पाहणी केली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात असे आढळले. तीन सेकंद थांबले तर मुले अधिक आणि चांगली उत्तरे देतात. चांगल्या जिभेच्या मुलांना तीन सेकंद हवेत, तर आमच्या मुलाला दहा लागले तर काय बिघडले?

आता हे वर्गातल्या बाईंना सांगायचे कसे? इथे मदतनिसाची खरी परीक्षा. वर्ग बाईंचा आहे. चाळीस मुलांपुढे त्यांना 'थांबा, त्याला वेळ द्या' असे म्हणणे शोभत नाही, आणि त्याचा उपयोगही होत नाही. आमच्या बाई 'सतरा पंचे?' असे विचारीत आणि तो तोंड उघडेपर्यंत दुसऱ्याकडे वळत. मी शाळा सुटेपर्यंत थांबले. मुले गेल्यावर म्हटले, "बाई, त्याला येते, पण तोंडातून यायला उशीर लागतो. तुम्ही त्याला पहिल्यांदा प्रश्न सांगून ठेवाल का? मग दोघातिघांना विचारून परत त्याच्याकडे यायचे." बाईंनी दुसऱ्याच दिवशी तसे केले. 'पंच्याऐंशी' हा शब्द त्याच्या तोंडून बाहेर पडला तेव्हा वर्गातली पोरे मागे वळून त्याच्याकडे पाहू लागली. बाईंनी 'बरोबर' एवढेच म्हटले आणि पुढे गेल्या. त्यांनी टाळ्या वाजवायला लावल्या नाहीत, हे मला फार आवडले. इतरांना पाढ्यासाठी टाळ्या मिळत नाहीत, मग त्यालाच का?

बाईंशी बोलताना मी तीन गोष्टी पाळते. त्यांच्या चुका मुख्याध्यापिकाबाईंना जाऊन सांगत नाही, आधी त्यांनाच सांगते. 'असे करा' म्हणत नाही, 'असे करून पाहावे का?' म्हणते. आणि सकाळी दोन मिनिटे आधी जाऊन आज काय शिकवणार ते विचारून घेते, म्हणजे चित्रकलेला त्याचा जाड पेन्सिलीचा डबा विसरत नाही.

आता डोळ्यांना पाणी येण्याबद्दल. येऊ द्या, पण घरी. मुलापुढे 'बिचारा' हा शब्द काढायचा नाही. त्याच्या डोक्यावरून बोलायचे नाही. पहिल्या वर्षी शाळेत जो तो मला विचारायचा, "त्याला पाणी हवे का? तो दमला का?" मी म्हणायची, "त्यालाच विचारा ना." एकदोघांना ते तुटक वाटले असेल, पण महिन्याभरात लोक त्याला विचारू लागले. खुर्चीला हात लावण्यापूर्वीही विचारायचे. ती खुर्ची म्हणजे त्याचे पाय आहेत, कोणी न विचारता आपला पाय धरून ओढला तर? बोलायचे असेल तर आपण खाली बसायचे, म्हणजे त्याला मान वर करून बोलावे लागत नाही. आणि बारा वर्षांच्या मुलाशी बोबडे बोलायचे नाही. सरकारदरबारी आता दिव्यांग म्हणतात, पूर्वी अपंग म्हणत. कोणता शब्द बरा यावर पुष्कळ वाद आहेत. हाक मारायला मात्र त्याला आईबापांनी नाव ठेवलेले आहे.

दोन्ही नव्या मुलांसाठी जे मला ठाऊक आहे ते इथेच सांगून ठेवते. कमी दिसणाऱ्या मुलीजवळ गेले की आपले नाव सांगावे, आणि उठून जातानाही सांगावे, नाही तर ती रिकाम्या जागेशी बोलत बसते. तिचा हात धरून ओढू नये. तिला आपल्या कोपराच्या वर धरू द्यावे आणि आपण अर्धे पाऊल पुढे चालावे. 'तिकडे ठेवलंय' म्हणू नये, 'तुझ्या उजव्या हाताला, पाटीशेजारी' म्हणावे. बोलत नसलेल्या मुलाला एका वेळी एकच गोष्ट सांगावी. तो ऐकत नाही असे धरून चालू नये. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असे नव्हे. डोळ्यांत पाहायची सक्ती करू नये. घंटा होणार असेल, बाई बदलणार असतील, तर आधी सांगावे. चित्राने दाखवता आले तर अधिक चांगले. त्याने आपटाआपट केली तर आरडाओरडा न करता आजूबाजूच्या वस्तू बाजूला काढाव्यात, आवाज कमी करावा आणि ओसरेपर्यंत जवळ राहावे. नंतर वहीत लिहावे, त्याआधी काय झाले होते. बहुतेक वेळा काही तरी झालेले असते: पंख्याचा खडखडाट, डब्यात नेहमीची भाजी नसणे, कोणी तरी न सांगता धरलेला हात.

कानांनी कमी ऐकणारे मूल पुढे कधी आले तर लक्षात ठेवा, तोंडासमोर पदर धरून बोलायचे नाही. उजेड आपल्या तोंडावर पडेल असे उभे राहायचे. ओरडायचे नाही, ओरडताना ओठ वेडेवाकडे होतात आणि त्याला वाचता येत नाहीत.

काही मुलांना फिट येते. त्याबद्दल ऐकीव गोष्टी इतक्या आहेत की स्पष्टच सांगते. चप्पल हुंगवायची नाही, कांदा नाकाशी धरायचा नाही, दातांत चमचा घालायचा नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. आजूबाजूचे बाक सरकवायचे, डोक्याखाली घडी घातलेला टॉवेल ठेवायचा, कुशीवर वळवायचे आणि घड्याळ पाहायचे. पाच मिनिटांवर गेली, किंवा एकीमागून दुसरी आली, तर १०८ ला फोन. बाकीच्या मुलांना घाबरवून बाहेर हाकलायचे नाही, 'थोड्या वेळात थांबेल' म्हणून शांतपणे सांगायचे.

लघवीसंडासाचे बोलायला लाज वाटते, पण तेच रोजचे काम. मुलाला आधी सांगायचे, विचारायचे, आणि जेवढे त्याला करता येते तेवढे त्यालाच करू द्यायचे. आडोसा पुरेपूर हवा. आपण आत आहोत हे बाईंना ठाऊक असले पाहिजे. मुलगा मोठा झाला की पुरुष मदतनीस हवा, हे शाळेला आताच सांगून ठेवायला हवे. माझ्या मुलाची वेळ आली आहे. आणि अशा मुलांना आपण एक शिकवलेच पाहिजे की, अंगाला हात लावणाऱ्याला 'नको' म्हणण्याचा त्यांना अधिकार आहे, मग तो हात माझा का असेना. ज्याची सगळी कामे दुसरे करतात त्याला हे कोणी शिकवीत नाही. मुलांच्या संरक्षणासाठी २०१२ चा पॉक्सो कायदा आहे, आणि १०९८ हा नंबर मुलांच्या मदतीसाठी आहे. तो आपल्या मंडळाच्या फळ्यावर लिहून ठेवावा, अशी माझी सूचना आहे.

वर्गातल्या मुलांविषयी मला फार सांगावेसे वाटते. मुले वाईट नसतात, त्यांना ठाऊक नसते. पहिल्या आठवड्यात एकाने मला विचारले, "काकू, ह्याचे पाय असे का?" मी त्या मुलाला म्हटले, "त्यालाच विचार." तो म्हणाला, "जन्मल्यापासनं हाय. दुखत नाही." संपले. पुन्हा कोणी विचारले नाही. मधल्या सुट्टीत मी मुद्दाम लांब, व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते. मी जवळ असते तोवर पोरे येत नाहीत, मी गेले की गोळा होतात. क्रिकेटमध्ये त्यांनी त्याला आधी धावा मोजायला बसवले, मग पंच केले. मग एके दिवशी त्याने बॅट मागितली. खुर्चीत बसून तो मारतो आणि त्याच्यासाठी दुसरा पळतो. यातले काहीही मी घडवून आणलेले नाही. माझे काम एवढेच की लांब बसणे आणि खुर्चीची चाके अडकवून ठेवली आहेत ना ते पाहणे. एकच गोष्ट मी बाईंना सुचवली: एकच मुलगी रोज त्याचे दप्तर काढून देत होती, खेळायलाही जात नव्हती. पाळी लावून दिली. मदत करणाऱ्या मुलीचेही बालपण आहेच की.

आता त्याचे नाव का घेत नाही ते सांगते. आपल्या शहरात नव्हे, पण फार लांबही नव्हे, अशा एका शाळेत एक मदतनीस होती. मुलाला वर्गात फिट आली, ती तिने बाजारात भाजी घेताना सांगितली. आठ दिवसांत ती गोष्ट त्या मुलाच्या मोठ्या बहिणीला पाहायला येणाऱ्यांच्या कानावर गेली, आणि ते आलेच नाहीत. फिटचा आजार विवाहाच्या कायद्यातून १९९९ सालीच काढून टाकला आहे, पण लोकांच्या मनातून कोण काढणार? त्या आईने मुलाला शाळेतून काढले. त्या बाईच्या मनात वाईट नव्हते. आपण बायका सुखदुःख बोलून हलके करतो, पण हे सुखदुःख आपले नसते. मुलाच्या अंगाबद्दल, औषधाबद्दल, त्याच्या घरच्या भांडणाबद्दल जे कळते ते त्या घराचे आहे. मला नळावर कोणी विचारले, "काय गं, तो अजून कपड्यांतच करतो का?" तर मी म्हणते, "त्याच्या गणिताचे विचारा, ते सांगते." यावर काहीजणी रागावल्या आहेत. त्या इथे बसल्या आहेत. त्यांच्यावर माझा राग नाही.

आईशी वागणे मात्र फार जपून. तिला लोकांनी आधीच पुरते टोचलेले असते: ग्रहण पाळले नाहीस, अमुक खाल्लेस, तुझ्या माहेरचे आले असेल. त्यात आपण शाळेतून येऊन 'आज त्याने हे केले नाही' असा पाढा वाचायचा नाही. मी एक वही ठेवते. त्यात दोन ओळी: काय खाल्ले, काय नवीन केले, उद्या काय लागेल. वाईट घडले असेल तर ते वहीत न लिहिता तोंडी सांगते, आणि बाईंना आधी विचारून. त्याला कसे उचलायचे, घास केवढा द्यायचा, हे मी त्याच्या आईकडून शिकले. ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली, लहान घास, गिळल्याशिवाय दुसरा नाही. ती म्हणते, "वहिनी, तुम्ही नसता तर..." मी तिला तिथेच थांबवते. मी नसले तरी त्याची शाळा चालली पाहिजे, म्हणून तर दुसऱ्या बाया हव्यात.

पुण्याच्या कामाबद्दल एवढेच: पुण्यासाठी येणारी बाई एकादशीला येते आणि सण आला की येत नाही. मुलाला सोमवारी कळले पाहिजे की गुरुवारी कोण येणार. अर्धा दिवस द्या, पण ठरलेला द्या. येता येणार नसेल तर आदल्या दिवशी त्याला सांगा. त्याला, नुसते बाईंना नव्हे.

आता आजची निकड. ही शाळा सातवीपर्यंत आहे. तो मुलगा जूनमध्ये आठवीत जाईल, म्हणजे शिक्षणात माझ्या पुढे. ज्या हायस्कुलात त्याला जायचे आहे तिथे आठवीचा वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, आणि खुर्ची चढवायला उतरण नाही. मी आणि त्याची आई दोनदा जाऊन आलो. 'पाहू' असे उत्तर मिळाले. त्यांना आम्ही एवढेच मागतो आहोत की, आठवीची एक तुकडी तळमजल्यावर आणावी. त्याला खर्च लागत नाही, बाक खाली आणावे लागतात. दोन बायांनी विचारले की 'पाहू' म्हणतात. मंडळाच्या पंचवीस बायांनी लेखी अर्ज देऊन विचारले तर दुसरे काही तरी म्हणावे लागेल. अर्ज मी त्याच्याकडूनच लिहवून घेतला आहे. एक पान लिहायला त्याला तीन दिवस लागले. अध्यक्षीणबाईंकडे तो आहे, चहाच्या वेळी सह्या करायच्या आहेत. ज्यांना सही येत नाही त्यांनी अंगठा दिला तरी चालेल.

दोन नव्या मुलांसाठी ज्यांना यायचे आहे त्यांनी गुरुवारी दुपारी तीन वाजता माझ्या घरी यावे. विशेष शिक्षिका येणार आहेत. निर्णय लगेच द्यावा लागणार नाही. तो मुलगाही त्या वेळी तिथे असेल, त्याने तसे बजावून ठेवले आहे. नव्या बायांना काय विचारायचे ते त्याने वहीत लिहून ठेवले आहे. मी वाचायला मागितले तर म्हणाला, "काकू, तुम्हाला नाही दाखवायचं. त्यांना विचारायचं हाय." तेव्हा येणाऱ्या भगिनींनी थोडा वेळ काढून यावे. त्याला बोलायला वेळ लागतो.